इंजिनाचं पाणी, माश्यांचं पाणी

पुलाच्या दुरुस्तीमुळे रस्ता बंद आहे हे आदल्या दिवशी कुणी सांगितलं असतं, तर थोरलीनं तो रस्ता धरलाच नसता. मधमाश्यांच्या पेट्या संध्याकाळी भरायच्या, रात्रीच्या गारव्यात गाडी हाकायची आणि ऊन चढायच्या आत नव्या जागी उतरवायच्या, हा त्या घरातला वर्षानुवर्षांचा शिरस्ता. पण त्या रात्री गाड्यांची रांग मुंगीच्या पावलानं सरकत राहिली आणि पुलाशी पोचेपर्यंत चांगलं उजाडलं. तिथे उभ्या असलेल्या माणसानं हातातला झेंडा आडवा धरून सांगितलं, जड वाहनांना मनाई, डोंगरावरून वळसा घालून जा. मागे फिरायचीही सोय नव्हती. जुन्या जागेवरच्या पिकावर त्याच सकाळी औषध फवारणार होते, म्हणून तर पेट्या एवढ्या घाईनं हलवल्या होत्या. पलीकडे ज्याच्या बागेत पेट्या लावायच्या तो बागवान वाट बघत होता. थोरलीनं टेम्पो वळवला आणि डोंगराच्या रस्त्याला लावला.

थोरली म्हणजे घरातली थोरली सून. लग्न होऊन आली तेव्हा सासूनं तिला त्या नावानं हाक मारायला सुरुवात केली. धाकटी सून काही आजवर आली नाही, पण थोरलीला चिकटलेलं नाव काही सुटलं नाही. धाकटी ज्याच्यामुळे आली नाही तो धाकटा दीर या वेळी तिच्या शेजारी बसला होता. चष्म्याच्या दुकानात कामाला होता, हात नाजूक, तोंड अखंड चालू, आणि माश्यांना तो मनापासून भ्यायचा. पेट्या चढवताना तो दर वेळी गाडीच्या दुसऱ्या बाजूला सापडायचा.

माश्या खऱ्या थोरलीच्या नवऱ्याच्या. पूर्वी तो हातमोजे न घालता पेटीत हात घालायचा. डंख बसला तर नखानं काटा खरवडून टाकायचा आणि पुन्हा कामाला लागायचा. गेल्या हंगामात मात्र मानेवर एक डंख बसला आणि बघता बघता ओठ सुजले, घसा आवळला, श्वास घेता येईना. थोरलीनंच त्याला गाडीत घालून दवाखाना गाठला. वाचला. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं की शरीर उलटलंय, पुढचा एक डंखही जिवावर बेतू शकतो. डंख बसताच टोचून घ्यायची औषधाची एक सुई दिली, सतत जवळ बाळगायची म्हणून. तेव्हापासून तो घरात बसून होता आणि नाकावर माशी बसू देत नव्हता, शब्दशः आणि एरवीही. पेट्या थोरलीनं हातात घेतल्या. त्याला ते पटलं होतं, पण पचलं नव्हतं.

रस्ता चढाला लागला तसं ऊन पाठीवर आलं. टेम्पो जुना, त्यात रात्रभर रांगेत सुरू-बंद, सुरू-बंद करून इंजिन आधीच कावलेलं. पुढे लोखंड भरलेला एक ट्रक धापा टाकत चालला होता. त्याच्या मागे मागे जाताना वारा म्हणून लागत नव्हता, लागत होता तो त्याचा धूर.

"वहिनी, काटा वर चाललाय," धाकटा म्हणाला.

"दिसतोय मला."

तिनं वेग कमी केला, ट्रकला पुढे जाऊ दिलं, मधे मोकळी जागा पडली तशी थोडी हवा आत येऊ लागली. गिअर खालचा टाकला. पंखा आणि पाण्याचा पंप फिरता राहायला हवा, इंजिन गुदमरून चढता कामा नये, हे तिला नवऱ्यानं शिकवलं होतं. काटा थबकला, आणि पुढच्याच वळणावर पुन्हा हलला.

"हीटर लावा," ती म्हणाली.

धाकट्यानं चष्मा काढून तिच्याकडे पाहिलं. "काय लावू?"

"हीटर. पूर्ण. इंजिनाची ऊब आपण आत ओढून घेतली की तेवढीच त्याच्यावरची कमी होते."

"म्हणजे त्याचा ताप आपण अंगावर काढायचा."

"हो. आणि काच पूर्ण खाली घ्या."

गरम झोत पायांवर आला तशी धाकट्यानं पावलं उचलून सीटवर घेतली. शर्ट अंगाला चिकटला. "माश्यांना ओली पोती, इंजिनाला वारा," तो म्हणाला, "माणसांची काही व्यवस्था?"

"माणसं तक्रार करू शकतात. तेवढं पुरे."

तो हसला. थोरलीलाही हसू आलं, पण नजर काट्यावरून हटली नाही. मागून हौद्यातून माश्यांची गुणगुण येत होती. गाडी चालत होती तोवर ती एका सुरात होती. पेट्यांची दारं संध्याकाळीच बारीक जाळी ठोकून बंद केलेली होती, वरची झाकणंही जाळीचीच, त्यावर ओली पोती पसरलेली. चालत्या गाडीचा वारा त्या पोत्यांतून फिरला की आत गारवा राहतो. गाडी थांबली की तो संपतो. पेट्यांचं सगळं गणित त्या वाऱ्यावर होतं.

तेवढ्यात एक गोडसर, जळकट वास आला. हा वास ती ओळखत होती. इंजिनाचं पाणी कुठूनतरी गळत होतं आणि गरम लोखंडावर पडत होतं. पुढच्या वळणानंतर रस्ता जरा रुंद झाला, तिथे तिनं वाऱ्याकडे तोंड करून टेम्पो उभा केला. एरवी तापलेलं इंजिन लगेच बंद करू नये, जरा फिरतं ठेवावं. पण बॉनेटच्या फटींतून वाफेचा लोट उसळला तेव्हा तिनं चावी फिरवली. पाणीच उरलं नसेल तर फिरवून काय उपयोग?

एकदम शांत झालं. मग मागचा आवाज ऐकू येऊ लागला.

धाकटा खाली उतरला, पंच्याची घडी हातावर गुंडाळून बॉनेटकडे गेला. थोरलीनं धावत जाऊन त्याचं मनगट धरलं.

"झाकणाला हात लावायचा नाही. आत वाफ कोंडलीय. उघडलंत तर तोंडावर येईल, चष्म्यासकट."

"मग पाणी कसं घालायचं?"

"निवल्यावर."

"आणि निवणार कधी?"

"त्याच्या मनात येईल तेव्हा." तिनं लांबूनच वाकून पाहिलं. रेडिएटरकडे जाणाऱ्या रबरी पाइपाला, तो आवळून धरणाऱ्या चिमटीपाशी, चीर गेली होती. त्यातून अजून फुसफुसत होतं.

ती हौद्यावर चढली. एका बाजूला कापून काढलेला खडक होता, तोही तापलेला. दुसऱ्या बाजूला उतारावर खुरटी झुडपं. सावली म्हणावी अशी चीज नव्हती. पोती वाळून कडक झाली होती. तिनं एका झाकणावर तळवा ठेवला आणि काढून घेतला. जाळीखाली माश्या एकमेकींवर चढल्या होत्या, पंख फडफडवून हवा ढकलायला बघत होत्या, आणि त्यांची गुणगुण आता चढून घुमल्यासारखी झाली होती. आत उकाडा फार झाला की मेण मऊ पडतं, पोळी खाली बसतात, मध वाहतो आणि माश्या आपल्याच मधात बुडतात. थोरलीनं हे एकदाच पाहिलं होतं आणि पुन्हा बघायची तिची तयारी नव्हती.

गाडीत पाण्याचे दोन कॅन होते. एक तिनं उघडला आणि पोती भिजवत गेली. पाणी पडताच वाफा निघाल्या. क्षणभर आवाज उतरला. कॅन रिकामा झाला तेव्हा पहिली रांग पुन्हा वाळायला लागली होती.

तिनं दुसऱ्या कॅनला हात घातला तसा धाकट्यानं तो दुसऱ्या बाजूनं धरला.

"वहिनी, हे इंजिनाचं."

"इंजिन अजून निवलेलं नाही."

"निवेल तेव्हा काय घालणार? गाडी चालली तरच वारा लागेल, असं तुम्हीच सांगितलंत. हे पाणी पोत्यांवर ओतलंत तर वाळून जाईल आणि आपण इथेच."

तो चुकीचं बोलत नव्हता, आणि त्याचाच तिला राग आला. "पाइपाला चीर आहे, भावजी. यात ओतलं तरी रस्त्यावरच जाणार. आणि इंजिन निवेपर्यंत या राहतील का? ऐका जरा."

धाकट्यानं ऐकलं. त्यानं कॅन सोडला नाही. दोघंही रस्त्यात कॅन धरून उभी राहिली, आणि तेवढ्यात थोरलीचा फोन वाजला.

"कुठे पोचलात?" नवऱ्याचा आवाज.

"घाटात. जरा पाणी प्यायला थांबलोय."

"पाणी प्यायला." तो कान देऊन ऐकू लागला. मग म्हणाला, "मागे करून धर बरं फोन."

"कशाला?"

"इंजिन बंद आहे. मला माश्या ऐकू येतायत, आणि या असल्या आवाजात मी त्यांना कधी उगाच ऐकलं नाही. काय झालंय?"

तिनं सांगितलं. लपवण्यात अर्थ उरला नव्हता. पाइप, वाफ, ऊन, एक कॅन संपला, सगळं.

"जाळ्या उघडू नकोस," तो म्हणाला. "भर उन्हात अनोळखी रस्त्यावर सोडल्यास तर उधळतील. अर्ध्या परत येणार नाहीत. येणाऱ्या-जाणाऱ्या माणसांना चावतील ते वेगळंच."

"नाही उघडल्या तर मरतील."

"पाणी मार."

"पाणी नाही हो."

पार्श्वभूमीला कपाट उघडल्याचा, काहीतरी धातूचं खाली पडल्याचा आवाज झाला. थोरलीला एकदम कळलं. "तुम्ही यायचं नाही," ती म्हणाली. "ऐकताय ना? इथे यायचं नाही."

फोन बंद झाला. पुन्हा लावला तर उचलेना. आणि खरी भीती तिला वाटली ती तेव्हा. इंजिन जळेल, पेट्या जातील, इथवर तिच्या भीतीला काठ होता. हा माणूस शेजाऱ्याची गाडी काढून निघाला असणार. डोंगराच्या वळशामुळे ते रात्रभर चालूनही घरापासून फार लांब नव्हते. तो येणार, पेट्या बघणार आणि सवयीनं हात घालणार.

तिनं डोक्यावर जाळीची टोपी चढवली, हातमोजे घातले. "भावजी, तुम्ही खाली वळणापर्यंत जा. येणाऱ्या प्रत्येक गाडीला थांबवा, काचा वर करायला सांगा. दुचाकीवाल्यांना तिथेच थांबवून ठेवा. आणि दादा आले तर पुढे सोडायचं नाही. पाया पडा, आडवे झोपा, काहीही करा."

"तुम्ही दारं उघडणार?"

"हो."

धाकट्यानं कॅन सोडला. माश्यांपासून लांब जायला मिळतंय म्हणून एरवी तो खूश झाला असता. आता दोनदा मागे वळून बघत गेला.

थोरलीनं माश्या शांत करायचं धुराचं भांडं पेटवलं, बाहेरच्या रांगेतल्या पेट्यांच्या दारावर धूर सोडला आणि पक्कडीनं जाळी उचकटली. माश्या पाण्यासारख्या बाहेर आल्या. आधी पेटीच्या तोंडावर गुच्छ लटकला, मग हवेत जाळं उभं राहिलं. एकामागून एक ती दारं उघडत गेली आणि दुसऱ्या कॅनमधलं पाणी ओंजळीनं त्यांच्यावर उडवत राहिली. थोड्या वेळात टेम्पोभोवती, रस्त्यावर, खडकावर, सगळीकडे माश्याच माश्या झाल्या. तिच्या टोपीवर, बाहीवर, हातमोज्यांवर त्या दाटून बसल्या. त्या चिडल्या होत्या, पण त्याहून जास्त थकल्या होत्या.

बाहेरच्या रांगा मोकळ्या झाल्या, पण मधली रांग दोन्हीकडून दाबलेली होती. त्या पेट्यांची दारं दुसऱ्या पेट्यांच्या पाठीला भिडलेली. ती उघडायची तर बाहेरच्या पेट्या खाली उतरवायला हव्यात, आणि भरलेली पेटी एकट्यानं उतरवायचं काम नव्हतं. थोरलीनं तरी एक पेटी छातीशी धरून ओढली. कशीबशी रस्त्याच्या कडेला ठेवली. दुसरी ठेवली. मधल्या रांगेतली एक उघडली, त्यातून माश्या आल्या. शेजारच्या पेटीला कान लावला. काही ऐकू आलं नाही. दाराच्या फटीतून मध ठिबकत होता.

ती तिथे क्षणभर बसली. मग उठून तिसऱ्या पेटीला हात घातला.

खालून धाकट्याची हाक आली. "वहिनी, थांबला नाही. दादा थांबला नाही."

शेजाऱ्याची पांढरी गाडी वळणावरून वर येत होती. काचा वर होत्या, तेवढं तरी बरं होतं. टेम्पोपासून जरा अंतरावर ती थांबली. काचेमागे नवऱ्याचा चेहरा दिसला. काही माश्या जाऊन काचेवर बसल्या. त्यानं इंजिन आणि एसी चालू ठेवला होता. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. तो हातानं काहीतरी सांगत होता, धूर जास्त सोड, वरच्या बाजूनं उचल, डावीकडून धर. तिला सगळं कळत होतं आणि त्यातलं तिला काहीही नको होतं.

तिनं तिसरी पेटी ओढली. हातमोजा मधानं चिकट झाला होता. पेटी घसरली, हौद्याच्या कडेवर आपटली आणि रस्त्यावर कोसळली. लाकूड फुटलं, पोळी बाहेर पडली, आणि माश्यांचा काळा लोळ उठला.

गाडीचं दार उघडलं.

तो बाहेर आला होता. शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत वर, डोक्यावर काही नाही. "अगं, सोड, मी धरतो," असं काहीतरी म्हणत तो सरळ चालत येऊ लागला. आपण कोण झालो आहोत हे तो त्या घटकेला साफ विसरला होता.

थोरली त्याच्याकडे धावली, आणि लगेच थबकली. तिच्या अंगावर माश्या होत्या. दंडावर, खांद्यावर, गळ्याशी जाळीवर. त्याला अडवायला ती जितकी जवळ जाईल तितकं मरण त्याच्याजवळ नेऊन पोचवील. तिनं हात वर केले आणि एक पाऊल मागे घेतलं.

तो पुढे आला. ती आणखी मागे सरली.

"सुई कुठंय तुमची?" तिनं विचारलं.

त्याचा हात खिशाकडे गेला आणि रिकामा बाहेर आला. घाईघाईत सुई घरी राहिली होती. एक माशी त्याच्या उघड्या मनगटावर येऊन बसली. त्यानं तिच्याकडे पाहिलं. आयुष्यभर त्यानं अशी माशी बघितली की मान वाकवून कौतुकानं निरखली होती. आता तो श्वास रोखून उभा राहिला. माशी हातावरून वर चढली, कोपराच्या घडीपाशी थांबली. थोरलीला ओरडावंसं वाटत होतं आणि ओरडणं परवडत नव्हतं.

माशी उडाली.

"हळूहळू मागे जा," ती म्हणाली. "हात हलवू नका. माझ्याकडे बघत जा."

तो तसाच उलटा चालत गेला. ती जागच्या जागी उभी होती. दार उघडून तो आत बसला, दार लागलं. आत शिरलेली एखादी माशी शोधत त्याचं डोकं इकडेतिकडे वळताना दिसलं. मग तो स्थिर बसला. मग त्यानं दोन्ही हात चेहऱ्यावर घेतले.

थोरलीनं एक हातमोजा काढला आणि माश्या झटकत फोन लावला. या वेळी त्यानं उचलला.

"आत आहे का एखादी?"

"नाही."

"मग ऐका. गाडी उभी ठेवून एसी चालवत बसलात तर हीसुद्धा तापेल, आणि मग तुम्हाला काचा खाली घ्याव्या लागतील. गाडी वळवा. खाली रस्त्याकडेला झाडं दिसली होती. तिथे थांबा. अंधारून यायला लागलं की वर या, त्याआधी नाही."

"मी पाइप आणलाय," तो म्हणाला. "आणि पाणी. आणि चिमट्या."

"भावजींच्या हाती द्या."

"त्याला बसवता येणार नाही."

"फोनवर सांगा. सांगायची हौस आहे ना तुम्हाला." ती बोलून गेली आणि तिला वाईट वाटलं. पांढरी गाडी मागे सरकली, वळली, वळणाआड गेली.

त्यानंतरची दुपार लांबलचक होती. धाकटा पाण्याचे कॅन घेऊन वर आला, डोक्यावर नवऱ्याची जुनी जाळीची टोपी, तीही उलटी घातलेली. निम्मं पाणी पोत्यांवर गेलं. दोघांनी मिळून मधल्या रांगेतल्या राहिलेल्या पेट्या मोकळ्या केल्या. धाकट्याला मनगटावर डंख बसला. त्यानं दात आवळले आणि पेटी सोडली नाही. थोरलीला तेव्हा त्याच्याबद्दल इतकी माया आली की तिनं त्याला उगाच रागावल्यासारखं केलं, "खाली बघून चाला."

मग तो बॉनेटमध्ये डोकं घालून उभा राहिला, कानाशी फोन. इंजिन आता हात लावण्याइतकं निवलं होतं. खालच्या झाडांखालून त्याचा भाऊ सांगत होता आणि वर हा जुना पाइप सोडवून नवा बसवत होता. "कुठली चिमटी? ही की ती? दादा, 'ती' म्हणजे कुठली, मला तू दिसत नाहीस." चष्म्याचे बारीक स्क्रू फिरवणारी बोटं मोठ्या चिमटीवर अडखळत होती, पण अखेर पाइप बसला. धाकट्यानं झाकण उघडून पाणी थोडं थोडं घातलं, आतली हवा बुडबुडत निघून जाईपर्यंत वाट पाहिली, पुन्हा घातलं. गळलं नाही.

ऊन कललं तसे आवाज बदलले. हवेतलं जाळं विरळ झालं. माश्या आपापल्या पेटीच्या तोंडाशी परत येऊ लागल्या, काही चुकून शेजारच्या पेटीत शिरल्या, काही फुटलेल्या पेटीच्या जागी रस्त्यावर घोंगावत राहिल्या. त्यांची राणी त्या पडझडीत चिरडली गेली होती. थोरलीनं त्या माश्यांना एका मेलेल्या पेटीतल्या पोळ्यांच्या चांगल्या चौकटी देऊन बघितलं. थोड्या आल्या, बाकीच्या आल्या नाहीत.

संधिप्रकाशात तिनं पुन्हा दारांना जाळ्या ठोकल्या. मधल्या रांगेतल्या बऱ्याच पेट्यांना जाळी लावायची गरजच उरली नव्हती.

पांढरी गाडी वर आली. थोरलीनं टोपी, कोट, हातमोजे काढून हौद्यात टाकले, केस मोकळे करून झटकले, साध्या कपड्यांत रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभी राहिली. नवरा उतरला तरी गाडीच्या दारापाशीच थांबला.

"या," ती म्हणाली. "आता नाही कुणी माझ्या अंगावर."

तो आला. फुटलेल्या पेटीपाशी वाकला, मधात अडकलेल्या माश्यांकडे बघत राहिला. त्याचे डोळे लाल होते.

"विकून टाकू," तो म्हणाला.

"यंदा गेल्या म्हणून? दोन हंगामांत पुन्हा उभ्या राहतील."

"त्यासाठी नाही." तो उठला. "तू मागे सरलीस. इतक्या वर्षांत तू मला बघून कधी मागे सरली नव्हतीस."

"दुसरं काय करणार होते मी?"

"काहीच नाही. बरोबर केलंस. म्हणूनच म्हणतोय."

तिनं त्याचा हात धरला, मनगटापासून कोपरापर्यंत नीट चाचपून पाहिला. कुठेच काही नव्हतं.

"बागवान वाट बघतोय," ती अखेर म्हणाली. "आधी उरलेल्या पोचवू."

"मी मागून येतो."

"या. पण फोन करू नका."

त्यानं मान हलवली.

टेम्पो सुरू झाला. काटा मधोमध येऊन थांबला, तरी थोरलीनं हीटर लावायला सांगितला, चढ अजून बाकी होता. धाकट्यानं या वेळी काही न बोलता पावलं सीटवर घेतली आणि सुजलेलं मनगट मांडीवर ठेवून डोळे मिटले. मागची गुणगुण कालच्यापेक्षा बारीक होती. थोरली काट्याकडे बघत होती, रस्त्याकडे बघत होती, आणि आरशात, जिथे पांढऱ्या गाडीचे दिवे अंतर राखून येत होते.

उरलेल्या पेट्या बागेत पोचल्या, लागल्या. त्या हंगामात काही विकलं गेलं नाही. थोरलीनं तो विषय काढला नाही आणि नवऱ्यानंही पुन्हा तोंडातून काढला नाही. त्यानं टेम्पोचे सगळे पाइप बदलले, पंख्याचा पट्टा बदलला, रेडिएटर सोडवून धुतला, पाण्याचे चार कॅन बसतील असा लोखंडी खण मागे ठोकून घेतला. पेट्यांच्या जागी मात्र तो आला नाही. थोरली बागेत काम करायची तेव्हा तो रस्त्यावर गाडीत बसून राहायचा, काचा वर, सुई समोरच्या फळीवर. ती परत आली की आधी कपडे झटकायची, केस सोडून झटकायची, आणि तरी शेवटची काही पावलं हळूच टाकायची. तोही ती पूर्ण जवळ येईपर्यंत दार उघडायचा नाही.